खरे बोलून केलेली दिशाभूल

भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ या संस्कृत नाटकाच्या तिसऱ्या अंकात द्रोणवधाची हकिगत येते. ‘अश्वत्थामा मारला गेला’ हे युधिष्ठिर स्पष्ट बोलला आणि ‘हत्ती’ हा उरलेला शब्द त्याने हळूच उच्चारला. त्या राजावरच्या विश्वासापोटी द्रोणांनी शस्त्रे आणि अश्रू एकदमच टाकले, असे नाटककार सांगतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता, म्हणजे वाक्यात खोटे काहीच नव्हते.

मग द्रोण फसले कसे? पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात जे मांडले, त्यातून याचा उलगडा होतो. समोरचा माणूस खरे, पुरेसे आणि विषयाला धरून बोलतो आहे असे आपण गृहीत धरतो आणि न उच्चारलेला अर्थ आपणच भरून काढतो. या सवयीवाचून रोजचे बोलणे चालणारच नाही, आणि दिशाभूल करणारा नेमका तिचाच फायदा घेतो.

रब्बीच्या तोंडावर जळगाव जिल्ह्यातल्या भडगाव-पाचोऱ्याकडच्या एखाद्या सभेत पुढारी सांगतो, ‘आवर्तनाचा प्रस्ताव वर पाठवला आहे, पाठपुरावा चालू आहे.’ आवर्तन म्हणजे शेतीसाठी कालव्यातून पाणी सोडण्याची पाळी. कागदोपत्री दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. पण गिरणा नदीच्या पाण्यावर गहू पेरावा की कमी पाण्यात भागणारा हरभरा, या विवंचनेत असलेला शेतकरी त्यातून ‘पाणी सुटणार’ असे समजतो आणि गव्हाचे बियाणे घेऊन येतो. पाणी आले नाही, तर ‘सोडतो असे मी कधी म्हणालो?’ असे विचारायला पुढारी मोकळा राहतो. मला हे सरळ खोट्याहून घातक वाटते, कारण नुकसान शेतकऱ्याचे होते आणि चुकीच्या समजुतीचा दोषही त्याच्याच माथी येतो.

अशा खऱ्या पण फसव्या बोलण्याचे आणखी एक उदाहरण : अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी जानेवारी १९९८ मधल्या एका मुलाखतीत मोनिका लेविन्स्की यांच्याशी ‘लैंगिक संबंध नाहीत’ असे वर्तमानकाळात सांगितले, तेव्हा ते संबंध आधीच संपलेले होते.

टॉड रॉजर्स हे वर्तनशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बोलण्यावरचे प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध केले. बोलणाऱ्यांना आपले वागणे खोटे बोलण्यापेक्षा बरे वाटत होते. फसलेल्यांना मात्र ते खोट्याइतकेच वाईट वाटले. म्हणूनच सभेत थेट विचारायला हवे : आवर्तनाचा विचार करणाऱ्या कालवा सल्लागार समितीची बैठक झाली का, पाणी किती तारखेला सुटणार, आणि ते टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतापर्यंत पोहोचणार का?