किती होईल, हे सांगायचं कुणी? स्प्रिंट प्लॅनिंगच्या बैठकीची पार्श्वभूमी

नागपुरात 'बॅकलॉग' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या वयावरून अर्थ बदलतो. साठी ओलांडलेल्यांना विदर्भाचा अनुशेष आठवतो. १९८३ साली नेमलेली वि. म. दांडेकरांची सत्यशोधन समिती, पुढच्या वर्षी आलेला तिचा अहवाल, सिंचन-रस्ते-विजेत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे पडला याचा हिशेब, मग १९९४ ची वैधानिक विकास मंडळं. सरकारी जाहिराती वाचणाऱ्याच्या डोक्यात अनुशेषाची भरती येते. इंजिनिअरिंगचं पोरगं म्हणेल, 'दोन बॅक आहेत, एम-थ्री काही निघून नाही राहिला.' आणि परसोडीच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये दर दुसऱ्या सोमवारी लॅपटॉप उघडून बसणाऱ्यांच्या लेखी बॅकलॉग म्हणजे स्प्रिंट प्लॅनिंगला, म्हणजे पुढच्या ठरावीक मुदतीत (त्या मुदतीला स्प्रिंट म्हणतात) कोणतं काम घ्यायचं हे ठरवायच्या बैठकीला, पडद्यावर येणारी ती लांबलचक यादी.

पहिल्या तिन्ही अर्थांत राहून गेलेलं, थकलेलं, कुणाचं तरी देणं लागतो असं काहीतरी आहे. चौथ्यात ते नाही, आणि या बैठकीबद्दलचे निम्मे गैरसमज मला वाटतं इथूनच सुरू होतात. इंग्रजीत हा शब्द मुळात शेकोटीजवळचा. शेकोटीत मागच्या बाजूला ठेवलेला मोठा ओंडका तो बॅकलॉग. पुढची लाकडं जळून गेली तरी तो धुमसत राहतो आणि आग धरून ठेवतो. त्यावरून बेगमी, साठा. थकबाकी हा अर्थ मागाहून चिकटला. प्रॉडक्ट बॅकलॉग ओंडक्याच्या जवळचा आहे: उत्पादनात पुढेमागे करण्यासारख्या गोष्टी, महत्त्वाप्रमाणे वरून खाली लावलेल्या. ही यादी संपत नाही, संपावी अशी अपेक्षाही नाही. पण अनुशेषाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ती बघून पहिल्यांदा वाटतं ते एवढंच, की आपण एवढे मागे आहोत! मग तो स्प्रिंटमध्ये झेपेल त्याहून जास्त उचलतो.

आणि नेमकं तेच होऊ नये म्हणून ही बैठक जन्माला आली होती.

त्याआधी काय होतं? मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचा अंदाज प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच दिला जायचा, आणि तो देणारा माणूस कोड लिहिणारा नसायचा. कंत्राटावर तारीख पडायची, मग माणसं जमवली जायची. या पद्धतीचं खापर १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी लिहिलेल्या एका निबंधावर फोडलं जातं. गरजा, विश्लेषण, रचना, कोडिंग, चाचणी अशा पायऱ्या उतरत जाणारी आकृती त्यात आहे हे खरं. पण तिच्याखालीच रॉइस यांनी लिहून ठेवलं आहे की हे असं सरळसोट राबवणं धोक्याचं आहे आणि अपयशाला आमंत्रण आहे. 'वॉटरफॉल' हे नावही त्या निबंधात नाही. लोकांनी आकृती उचलली, मजकूर सोडून दिला. १९८५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या प्रमाणकातही जवळपास तीच पायऱ्यांची चाल आली, आणि जिथे संरक्षण खातं पैसे देतं तिथे त्याची चाल हीच पद्धत होऊन बसते.

स्क्रमचं, म्हणजे स्प्रिंट-स्प्रिंटने काम करायच्या या पद्धतीचं, मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीच्या 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांचा एक लेख आला. फुजी-झेरॉक्सचं कॉपियर, होंडाची सिटी मोटार, कॅननचे कॅमेरे, एनईसीचा संगणक अशी नवी उत्पादनं इतक्या लवकर कशी तयार झाली हे त्यांनी तपासलं होतं. जुनी पद्धत रिले शर्यतीसारखी, एका खात्याने काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची. नवी रग्बीसारखी, अख्खा संघ चेंडू आपसात देत एकत्रच मैदान कापतो. मला त्या लेखातलं दुसरंच एक निरीक्षण महत्त्वाचं वाटतं. या कंपन्यांतले वरिष्ठ संघाला अवघड पण मोकळं ध्येय द्यायचे आणि कसं करायचं ते संघावर सोडायचे. स्प्रिंट प्लॅनिंगचं बी इथे आहे, रग्बीत नाही.

१९९३ मध्ये ईझल कॉर्पोरेशनमध्ये जेफ सदरलँड यांनी जॉन स्कम्निओटालेस आणि जेफ मॅकेना यांच्यासोबत पहिला स्क्रम संघ चालवला. स्क्रम हे रग्बीतलं नाव त्या जपानी लेखातूनच घेतलं. सदरलँड पूर्वी अमेरिकी हवाई दलात वैमानिक होते, व्हिएतनामवर टेहळणीची उड्डाणं केलेले. केन श्वेबर यांनी १९९५ साली ऑस्टिनच्या ऊप्स्ला या सॉफ्टवेअर परिषदेत या पद्धतीवर निबंध मांडला. त्याआधी श्वेबर ड्यूपॉन्टमधल्या रासायनिक प्रक्रिया-नियंत्रणाच्या तज्ज्ञांना भेटून आले होते. त्या तज्ज्ञांचं म्हणणं थोडक्यात असं, की तुमचं काम पुरतं ठाऊक असलेल्या कृतीचं नाही. मग पाककृती लिहून काय उपयोग, थोडं करा, चव घ्या, मग पुढचं ठरवा. (पाककृतीची उपमा माझी. रसायनवाल्यांच्या भाषेत तिला अनुभवाधिष्ठित नियंत्रण म्हणतात.)

थोडं करायचं, तर ते थोडं किती हे दर वेळी ठरवायला बसावं लागणार. म्हणून बैठक. सुरुवातीच्या स्क्रममध्ये स्प्रिंट ३० दिवसांचा असे. श्वेबर यांच्या २००४ च्या पुस्तकात प्लॅनिंगचे दोन भाग आहेत, चार-चार तासांचे. पहिल्यात प्रॉडक्ट ओनर, म्हणजे यादीचा क्रम लावणारा माणूस, काय हवं ते सांगतो आणि संघ त्यातलं किती घेणार ते ठरवतो. दुसऱ्यात घेतलेलं कसं करायचं याची मांडणी संघ करतो. या विभागणीतला खरा मुद्दा घड्याळाचा नव्हता. क्रम लावण्याचा हक्क एकाकडे आणि 'किती' हे सांगण्याचा हक्क दुसऱ्याकडे, अशी ती वाटणी होती. एकदा ठरलं की महिनाभर बाहेरून कुणी त्यात काम कोंबायचं नाही.

हीच वाटणी दुसरीकडे स्वतंत्रपणे घडत होती. क्रायस्लरच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर केंट बेक यांनी १९९६ पासून एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही सॉफ्टवेअर लिहायची पद्धत आकाराला आणली. त्यातल्या 'प्लॅनिंग गेम'मध्ये ग्राहक कार्डावर गोष्ट लिहितो, प्रोग्रॅमर तिचा अंदाज देतो, आणि दोघांनीही दुसऱ्याचं काम आपल्या हातात घ्यायचं नाही. आजचा 'स्टोरी' हा शब्द त्या कार्डांतून आला. तिथलाच 'कालचं हवामान' हा नियम मला फार आवडतो: मागच्या वेळी जेवढं खरंच पूर्ण झालं, तेवढंच या वेळी घ्या. मे महिन्यात नागपूरकराला हे पटवून द्यावं लागत नाही. काल ४५ होतं, आज ४५ आहे, उद्याचा अंदाज सांगायला वेधशाळा कशाला हवी? क्रायस्लरने तो प्रकल्प पुढे गुंडाळला ही गोष्ट वेगळी. त्याची कार्डं मात्र जगभर गेली.

फेब्रुवारी २००१ मध्ये युटातल्या स्नोबर्ड येथे १७ जण जमले आणि अ‍ॅजाइलचा (स्क्रम, एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग अशा पद्धतींना मिळालेलं हे एकत्र नाव) जाहीरनामा निघाला. त्याची पारायणं सगळीकडे होतात, म्हणून इथे थांबत नाही. एवढंच, की त्यात स्प्रिंट प्लॅनिंगचा उल्लेख नाही. 'अ‍ॅजाइलमध्ये असंच असतं' म्हणून बैठकीतले नियम सांगणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही.

पॉइंटची, म्हणजे कामाचा आकार सांगायच्या आकड्यांची, कथा जास्त रसाळ आहे. क्रायस्लरच्या संघात अंदाज 'आदर्श दिवसां'त द्यायचे, म्हणजे कुणीही त्रास न देता सलग काम मिळालं तर लागणारे दिवस. प्रत्यक्षात एका आदर्श दिवसाला साधारण तीन दिवस लागत. वरचे लोक विचारत, तीन दिवसांच्या कामाला नऊ दिवस कसे? ही कटकट टाळायला 'दिवस' हा शब्दच काढला आणि नुसते पॉइंट म्हणू लागले. त्या संघातले रॉन जेफ्रीज यांनी पुढे लिहिलं की पॉइंट कदाचित आपणच काढले असावेत, आणि तसं असेल तर आता त्याचं वाईट वाटतं. वाईट वाटण्यासारखं काय झालं ते आपण रोज बघतोच.

पत्त्यांची भर पडली २००२ मध्ये. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकीच जेम्स ग्रेनिंग एका रेंगाळलेल्या बैठकीत वैतागले होते. दोन ज्येष्ठ बोलत बसलेले, बाकीचे जांभया देत. त्यांनी सुचवलं की प्रत्येकाने आपला आकडा पत्त्यावर पालथा ठेवायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा. कुणाच्या पदाकडे बघून आकडा बदलू नये ही जुनीच युक्ती आहे. रँड कॉर्पोरेशनमध्ये १९५० च्या दशकात डेल्फी पद्धत याच हेतूने निघाली होती आणि बॅरी बोहम यांनी तिचा एक अवतार सॉफ्टवेअरच्या अंदाजांसाठी वापरला होता. माइक कोन यांनी २००५ च्या पुस्तकातून पत्ते घरोघरी पोचवले. १, २, ३, ५, ८, १३ हे आकडे तेव्हा रूढ झाले, कारण काम मोठं होत जातं तसं अंदाजातली खात्री कमी होते आणि आकड्यांमधली फटही तशीच वाढावी.

आकड्यांना फिबोनाचीचं नाव आहे. त्याचं पुस्तक १२०२ चं. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरून अमुक मात्रांची वृत्तं किती तऱ्हांनी बांधता येतात, हे मोजताना विरहांक आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्र नेमक्या याच आकड्यांवर पोचले होते, १, २, ३, ५, ८, १३. विषयाशी याचा संबंध नाही. पण पत्ते वाटताना मी हे सांगितल्याशिवाय राहत नाही, आणि पोरं 'झालं भाऊचं सुरू' म्हणतात.

भारतात ही सगळी मांडणी आली तेव्हा इथल्या कंपन्या वेगळ्याच गोष्टीचा अभिमान बाळगून होत्या. नव्वदच्या दशकात प्रतिष्ठा होती ती सीएमएमच्या पाचव्या पातळीची, म्हणजे कागदावर बांधलेल्या, मोजलेल्या, तपासलेल्या प्रक्रियेची. परदेशी ग्राहकाला दुरून विश्वास वाटावा म्हणून ते गरजेचंही होतं. त्यावर स्क्रम चढवलं गेलं. बैठका आल्या, नावं आली, कामं नोंदवायचं जिरा हे सॉफ्टवेअर आलं. तारीख आणि व्याप्ती मात्र पुष्कळ ठिकाणी कंत्राटातच राहिली.

मी हे एका कंपनीत जवळून पाहिलं. तिथे 'एक पॉइंट म्हणजे आठ तास' असं एक्सेलमध्ये लिहून ठेवलेलं होतं. दर सोमवारी आम्ही इमानदारीने पत्ते उघडायचो. शेजारी बसलेला ज्येष्ठ मित्र म्हणायचा, 'अबे, आठात नाही होत हे, तेरा धर न.' तेरा धरले की मॅनेजर बेरीज करून सांगायचे, बसत नाही, आठच करा. मग पुण्याच्या आणि नागपूरच्या संघांची व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेले पॉइंट, एका आलेखावर आली. तिसऱ्या स्प्रिंटपर्यंत आमचे तीन पाच झाले, पाच आठ झाले. आलेख वर गेला, काम तिथेच होतं. कुणी खोटं बोललं असं मी म्हणणार नाही. 'किती' हे सांगण्याचा हक्क काढून घेतला की आकडा भाव ठरवायच्या कामी येतो, एवढंच.

हा पेच सगळीकडचा असावा, कारण स्क्रमची मार्गदर्शिका बदलत गेली ती याच जागी. सदरलँड आणि श्वेबर यांनी ती २०१० मध्ये प्रथम काढली. २०११ च्या आवृत्तीत संघ स्प्रिंटमधल्या कामांची 'कमिटमेंट' देतो हे काढून तिथे 'फोरकास्ट' आलं. शब्द द्यायचा नाही, अंदाज द्यायचा. कार्यालयांत मात्र आजही 'कमिट केलं होतं न तुम्ही' हेच ऐकू येतं. २०१३ मध्ये प्लॅनिंगचे दोन वेगळे भाग जाऊन एकच बैठक उरली आणि स्प्रिंटच्या ध्येयावर भर आला. २०२० च्या आवृत्तीत 'काय' आणि 'कसं' यांच्या आधी तिसरा प्रश्न बसवला: हा स्प्रिंट कशासाठी? त्याच वेळी कमिटमेंट परत आली, पण दुसऱ्या दाराने. आता शब्द द्यायचा तो ध्येयाचा, कामांच्या यादीचा नाही. वेळेची मर्यादा जुनीच, महिन्याच्या स्प्रिंटला जास्तीत जास्त आठ तास. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला सहसा त्याच्या निम्मेच धरतात.

ठरावीक मुदतीत बसवायचं काम नागपूरकरांना नवं नाही म्हणा. १९५३ च्या नागपूर कराराने सरकारला ठरावीक काळ इथे यायला आणि वर्षात एक तरी अधिवेशन इथे घ्यायला लावलं. यादी मोठी, दिवस थोडे, हे दर हिवाळ्यात टीव्हीवर दिसतंच.

परवाच्या महालक्ष्म्यांच्या आधीच्या आठवड्यातलं सांगतो. संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे प्रॉडक्ट ओनरबाईंकडे सकाळचे नऊ. कॅपॅसिटीच्या, म्हणजे कोण किती वेळ कामाला आहे त्याच्या, तक्त्यात मारबतीची सुटी फक्त नागपूरवाल्यांपुढे लागलेली, आणि पुढच्या आठवड्यात एका दिवशी सातपैकी पाच जणांसमोर शून्य. बाईंनी विचारलं, हे काय? आमच्यातल्या एकीने सांगितलं की घरी महालक्ष्म्यांचं जेवण आहे, सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, माणसं जेवून उठेपर्यंत दिवस मावळतो, त्यामुळे आम्ही २१ च पॉइंट घेतो. क्षणभर शांतता. मला वाटलं आता एक्सेल उघडणार. बाई म्हणाल्या, ठीक, पैसे परत करायचा स्क्रीन चालू झाला पाहिजे, ते ध्येय राहू द्या. बाकीचं तुम्हीच बघा. दोन स्टोऱ्या यादीत पुन्हा खाली गेल्या. उरलेली पाच मिनिटं आंबिलीला इंग्रजीत काय म्हणायचं यात गेली.