पाण्याआधी घामाचा प्रश्न: गिर्यारोहणाच्या वॉटरप्रूफ पँटची पार्श्वभूमी

उत्तरकाशी किंवा मनालीला गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला निघालेली सोलापूरची मुलं सामानाच्या यादीत एका ओळीपाशी हमखास अडतात: वॉटरप्रूफ बाहेरची पँट. आपल्याकडे पाऊस बेताचाच, त्यामुळे कित्येक घरांत साधी रेनकोटची पँटही नसते. दुकानदार कापड किती पाणी अडवतं त्याचे दहा हजार, वीस हजार मिलिमीटर असे आकडे दाखवतो आणि ज्याचा आकडा मोठा ती पँट घेतली जाते. पण या पँटचा इतिहास पाहिला तर दिसतं, की बाहेरचं पाणी अडवण्याचा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीच बराचसा सुटला होता. खरं घोडं अडलं ते आतल्या घामापाशी.

१८२३ मध्ये स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी नॅफ्था या द्रावकात विरघळवलेलं रबर दोन कापडांच्या मध्ये लावून पाणी न झिरपणारं कापड केलं आणि त्याचं पेटंट घेतलं. उन्हात ते चिकट व्हायचं, थंडीत कडक. पुढे रबरावर गंधकाची प्रक्रिया होऊ लागली आणि ती खोड गेली. घाम मात्र आतच कोंडायचा. चढताना आतले कपडे भिजले आणि थांबल्यावर थंडी भरली, तर उंचावर तेही जिवावर बेतू शकतं. म्हणून गिर्यारोहक बराच काळ लोकर आणि घट्ट विणीच्या कापसावरच भिस्त ठेवून होते. थॉमस बर्बेरी यांच्या गॅबर्डिन या कापडाला १८८८ मध्ये पेटंट मिळालं. त्यात विणण्याआधी सुतावरच प्रक्रिया केलेली असे. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज मॅलरी यांच्या अंगावरचा बाहेरचा पोशाख याच कापडाचा होता.

यानंतरचा टप्पा यंत्रमागाच्या गावात राहणाऱ्याने जरा थांबून पाहावा असा आहे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक बर्फगार समुद्रात पडत आणि काही मिनिटांत गारठून दगावत. त्यांच्यासाठी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये व्हेंटाइल नावाचं कापड तयार झालं. त्यात रबर नाही, लेप नाही, फक्त लांब धाग्याचा उत्तम कापूस आणि अतिशय दाट वीण. कोरडं असताना त्यातून वाफ जाते. पाणी लागलं की कापसाचे तंतू फुगतात आणि सुतांमधल्या फटी बुजतात. सोलापुरी टॉवेलात वरचे फास मोकळे सोडलेले असतात, म्हणून तो पाणी पितो. व्हेंटाइलमध्ये तोच कापूस, त्याचा तोच गुण, पण वीण इतकी दाट की पाण्याची वाटच बंद होते. मला या साऱ्या इतिहासात हीच कल्पना सर्वांत देखणी वाटते. तिची उणीव इतकीच, की भिजलेलं व्हेंटाइल जड होतं आणि गोठलं की ताठरतं.

१९५३ मध्ये एव्हरेस्टवर वापरलेलं वारा अडवणारं कापड कापूस आणि नायलॉनचं मिश्र होतं. पुढे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप दिलेलं नायलॉन आलं. हलकं आणि स्वस्त, पण घामाचा तोच मॅकिंटॉशच्या वेळचा त्रास.

१९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होते आणि त्या तुटत होत्या. शेवटी त्यांनी एक कांडी जोरात हिसडली. ती तुटली नाही, कितीतरी पट लांबली आणि तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब अडेल पण वाफ निघेल, इतकी बारीक. अशा ताणलेल्या टेफ्लॉनचा पातळ पडदा कापडाला जोडून केलेले गोरटेक्सचे कपडे १९७६ पासून बाजारात आले. सुरुवातीचे कपडे गळू लागले, कारण घामातलं तेल त्या पडद्यात मुरत होतं. मग आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर द्यावा लागला.

कापड पाणी अडवू लागल्यावर राहिली शिलाई. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे गळती, म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवतात. सोलापुरात गणवेश शिवणारे हात भरपूर आहेत, त्यांच्यातल्या कुणालाही बरोबर न्यावं. पँट उलटी करून दोन्ही पायांच्या शिवणी जिथे एकत्र येतात तिथली पट्टी बघावी. ती तिथे सुरकुतलेली किंवा उचललेली असेल, तर वीस हजारांचा आकडा काय कामाचा? तो आकडा म्हणजे चाचणीत कापडाने किती उंचीच्या पाण्याचा दाब पेलला तेवढंच. बर्फात गुडघे टेकताना दाब वाढतो, तेव्हा त्याला अर्थ आहे. पण उंचावर बर्फ बहुधा कोरडा असतो आणि वाराच जास्त छळतो.

म्हणून मी आधी कडेची चेन बघेन. ती कमरेपासून घोट्यापर्यंत पूर्ण उघडत असेल, तर बूट आणि क्रॅम्पॉन (बर्फावर पकडीसाठी बुटाखाली बांधायचे धातूचे दात) न काढता पँट चढवता-उतरवता येते आणि चढावर वारा आत घेता येतो. मग घोट्याच्या आतल्या बाजूचं जाड ठिगळ, क्रॅम्पॉनचे दात तिथेच लागतात. छातीपर्यंत येणाऱ्या, खांद्यावर पट्टे असलेल्या पँटमध्ये कमरेतून बर्फ शिरत नाही, मात्र ती काढायला कटकट. बेसिक कोर्ससाठी साधी कमरेची पुरते. मापाला पाहताना आतली लोकरीची पँट घालूनच पाहावी आणि पाय छातीपर्यंत उचलून बघावा.

अलीकडचा बदल बाहेरच्या थराचा. थेंब घरंगळून जावेत म्हणून तिथे फ्लोरिनयुक्त रसायनं लावत. ती निसर्गात वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत, म्हणून कंपन्या ती सोडत आहेत. नवे लेप तेल आणि मळ तितके झटकत नाहीत. त्यामुळे अशी पँट मळली की लगेच धुवावी आणि तिच्या लेबलावर परवानगी असेल तर हलकी ऊब द्यावी. त्याने लेप पुन्हा कामाला लागतो.