चिसितालिया 202 च्या घाटाची गाडी, पद्मिनीच्या इंजिनावर : ऑर्डर देण्यापूर्वी वाचावे

वेंगुर्ल्याच्या आमच्या शेडमध्ये जी गाडी तयार होते ती ओरिजिनल नाही. ती ओरिजिनल आहे असे आम्ही कुणाला सांगत नाही आणि आपणही पुढे विकताना तसे सांगू नये, अशी विनंती आहे. ती चिसितालिया 202 या जुन्या इटालियन मोटारीच्या घाटाची, हाताने घडवलेली नवी गाडी आहे. बॉनेटवर चिसितालियाचा बिल्ला आम्ही लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

मूळ गाडी इटलीतल्या तुरीन शहरातली. पिएरो दुसिओ या उद्योजकाची चिसितालिया ही कंपनी, आणि बॉडी पिनिन फारिना यांच्या कारखान्यात हाताने ठोकलेली. 1947 मध्ये आलेल्या या गाड्या सगळ्या मिळून सुमारे 170 निघाल्या. बॉनेट मडगार्डपेक्षा खाली, आणि पुढून मागेपर्यंत कुठेही वेगळा तुकडा जोडल्यासारखा दिसत नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1951 मध्ये आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले, त्यात ही होती. पुढे एक 202 त्यांनी संग्रहातच घेतली.

हीच गाडी का निवडली? इंजिनासाठी. दुसिओंनी फियाट 1100 चे 1089 सीसीचे इंजिन घेऊन त्याची ताकद वाढवली होती. त्याच घराण्यातले इंजिन कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पद्मिनीत बसून बाहेर पडत होते. बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 75, दोन्हीकडे तेच. सुटे भाग मात्र सरसकट एकमेकांना बसत नाहीत, आणि पद्मिनीचे इंजिन शर्यतीचे नाही. मूळ गाडी ताशी 160 किलोमीटरच्या आसपास जायची; आमच्याकडून तेवढी अपेक्षा धरू नका. फायदा असा, की या इंजिनाची नस ओळखणारे मेकॅनिक अजून सापडतात.

पद्मिनीला वेगळी चासी नसते, बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे वरचा भाग कापून नवी बॉडी चढवणे म्हणजे गाडीचा कणाच काढणे. असे करून वर फायबर चढवलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. वळणावर दार आपोआप उघडते. आम्ही स्टीलच्या पाइपांची फ्रेम नव्याने बांधतो. पद्मिनीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि पाट्यांच्या स्प्रिंगांसकट मागचा एक्सल एवढेच घेतो. चालू स्थितीतली पद्मिनी तोडायला घेत नाही. आधीच मोडीत निघालेली आणा.

बॉडीचे काम सुतारापासून सुरू होते. फोटो आणि मापांवरून प्लायवुडवर पूर्ण आकाराचे छेद काढतो आणि ते होडीच्या सांगाड्यासारखे एकामागे एक उभे करतो. हे काम करणारे आमचे मेस्त्री आधी होड्याच बांधत. पट्टी लावून न सापडलेला फुगवटा ते लांब उभे राहून नजरेने सांगतात, आणि बहुधा त्यांचेच खरे निघते. या साच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा उतरतो. ठोकून पत्रा कडक होतो, मग तो तापवून नरम करावा लागतो. ॲल्युमिनियम लोखंडासारखे लाल होत नाही, थेट वितळते. म्हणून पत्र्यावर साबण फासतात. साबण काळपट झाला की ज्योत बाजूला. नंतर वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीने खोलगट करायचा, व्हीलवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या दोन चाकांमधून, फिरवून गुळगुळीत करायचा. पुढच्या मडगार्डवर सर्वांत जास्त वेळ जातो, कारण तिथे पत्रा एकाच वेळी दोन दिशांना वळतो. लांबी (पुट्टी) भरून आकार आणणे आमच्याकडे चालत नाही. रंगाच्या आधी उघडा पत्रा बघायला जरूर या, हात फिरवून बघा.

इथल्या हवेबद्दल थोडे. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकले आणि मध्ये खारी ओल शिरली, की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. मिलानच्या तूरिंग कारखान्याच्या प्रसिद्ध सुपरलेजेरा पद्धतीत बारीक पोलादी नळ्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवत. जुन्या गाड्यांत तिथेच पत्रा खाल्लेला सापडतो. आम्ही फ्रेमला इपॉक्सी लावतो आणि दोन्ही धातूंच्या मध्ये रबराची पट्टी घालतो. कापड ओल धरते, म्हणून वापरत नाही. जून ते सप्टेंबर रंगकाम बंद. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते, आणि ती पुसून जात नाही. गणपतीला गाडी हवी असेल तर ती आदल्या उन्हाळ्यातच रंगली पाहिजे.

कागदपत्रांचे स्पष्ट बोलतो. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. आमची गाडी त्यात बसत नाही. पद्मिनीचे आरसी बुक दाखवून ती रस्त्यावर आणणे हेही मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध आहे. आपल्या बागेतल्या रस्त्यावर, खासगी आवारात किंवा प्रदर्शनात ठेवायची असेल तरच ऑर्डर द्या. "बघू, आरटीओत ओळख आहे" असे म्हणणाऱ्यांचे काम आम्ही घेत नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने घेतो: फ्रेम उभी राहिल्यावर, पत्रा पूर्ण झाल्यावर, रंगानंतर. इंजिन उघडून पाहिल्याशिवाय किंमत सांगत नाही. भेटीला येण्याआधी फोन करा, दुपारी एक ते तीन शेड बंद असते. येताना मोडीतल्या गाडीची आरसी रद्द झाल्याचा कागद आणावा. तो नसेल तर गाडी उतरवून घेतली जाणार नाही.