कपड्यावरचा गोळा गळून का पडत नाही?

वर्षभर वापरलेला स्वेटर खिडकीच्या उजेडात धरून पाहा. काखेखाली, चालताना हात जिथे अंगाला घासतो, तिथे गोळे. बाहीचा जो भाग सारखा टेबलावर टेकतो, तिथे गोळे. पिशवीचा पट्टा नेहमी डाव्या खांद्यावर असेल तर गोळेही डाव्याच खांद्यावर. छातीवरचं विणकाम मात्र अजून नव्यासारखं. कापड तेच, वय तेच. फरक फक्त घासण्याचा.

वस्त्रोद्योगात याला पिलिंग म्हणतात. गोळे दिसले की आपण लगेच म्हणतो, "कापड हलकं निघालं." पुष्कळदा ते खरं असतं. पण जे गोळे महिनोन्‌महिने हटत नाहीत, त्यांच्यामागे बऱ्याचदा कापडातल्या एखाद्या तंतूची जास्तीची ताकद असते. मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

त्यासाठी आधी सूत पाहायला हवं. कापसाचं किंवा लोकरीचं सूत सलग एका धाग्याचं नसतं. आखूड तंतू शेजारी शेजारी ठेवून त्यांना पीळ दिला की ते एकमेकांना घट्ट धरतात आणि त्यातून सूत तयार होतं. नेहमीच्या कापसाचा एक तंतू जेमतेम 25 ते 30 मिलिमीटर लांब असतो. म्हणजे सुतात पावलोपावली तंतूंची टोकं असतात आणि त्यातली काही बाहेर डोकावत असतात. कापड घासलं जातं तसे हे तंतू सुतातून थोडे थोडे बाहेर सरकतात. आधी पृष्ठभागावर लव येते. मग ही लव एकमेकांत गुंतते, घासण्याने वळली जाते, आणि तिचा गोळा होतो.

हा गोळा कापडावर नुसता पडलेला नसतो. त्यातल्या काही तंतूंचं एक टोक गोळ्यात आणि दुसरं अजून सुताच्या पिळात अडकलेलं असतं. फळाला देठ असतो तसे हे तंतू गोळ्याला धरून ठेवतात. कपडा वापरताना हा देठ दिवसातून शेकडो वेळा इकडून तिकडे वाकतो. लोकरीचा किंवा कापसाचा देठ त्या वाकण्याने थकतो, तुटतो आणि गोळा आपोआप गळतो. म्हणून शुद्ध लोकरीच्या नव्या स्वेटरवर सुरुवातीला भरपूर गोळे येतात आणि सैल, आखूड तंतू निघून गेले की त्यांचं प्रमाण कमी होतं. पॉलिस्टर, नायलॉन यांचे तंतू कितीही वाकवले तरी सहज तुटत नाहीत. तिथे गोळे तयार होतात, पण गळत नाहीत, आणि नव्यांची भर पडत राहते.

पॉलिस्टरचा तंतू 1941 मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनी बनवला. त्याचा टिकाऊपणा हाच त्याचा मोठा गुण ठरला. त्याचे आखूड तुकडे करून कापसात मिसळायला लागल्यावर गोळ्यांचा प्रश्न गंभीर झाला, कारण मिश्र कापडात दोन्हींचे तोटे एकत्र येतात. कापसाचे तंतू तुटून लव पुरवतात आणि पॉलिस्टरचे तंतू मजबूत देठ पुरवतात. यावर तंतू बनवणाऱ्यांनी काढलेला एक उपाय मोठा सुंदर आहे. पॉलिस्टरच्या रेणूंच्या साखळ्या त्यांनी मुद्दाम आखूड ठेवल्या. असा तंतू थोडा कमजोर असतो, त्यामुळे देठ वेळेवर तुटतो आणि कापड स्वच्छ दिसतं.

बाकीचे उपाय लव येऊच नये यासाठीचे. लांब तंतूंच्या सुतात टोकं कमी, म्हणून लव कमी. पीळ जास्त दिला तर तंतू जागचे हलत नाहीत, पण कापड थोडं कडक लागतं. आपल्याला हात फिरवावासा वाटणारा मऊ, फुगीर स्वेटर नेमका कमी पिळाच्या सुताचा आणि सैल विणीचा असतो. म्हणजे तो मऊपणा आणि गोळे एकाच कारणातून येतात, आणि अतिशय तलम लोकरीचा महागडा स्वेटरही त्याला अपवाद नाही. घट्ट विणलेल्या साध्या सुती कापडावर गोळे त्या मानाने फारच कमी येतात. गिरणीत कापड वेगाने ज्योतीवरून नेऊन वरची लव जाळून टाकतात, तेही याचसाठी.

प्रयोगशाळेत हे सगळं मोजलंही जातं. मार्टिंडेल नावाच्या यंत्रावर कापडाचा तुकडा कापडावरच घासतात. 125 फेऱ्यांपासून 7000 फेऱ्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने तो थांबवून, तिरप्या प्रकाशात पाहून, 5 ते 1 असे गुण देतात. 5 म्हणजे काहीच बदल नाही, 1 म्हणजे गोळ्यांनी भरलेलं कापड. गुण आजही अनेक ठिकाणी माणसंच डोळ्यांनी पाहून देतात.

आपल्या हातात काय आहे? सर्वांत जास्त फरक धुण्यात पडतो, कारण यंत्रातलं घासणं अंगावरच्या घासण्यापेक्षा कितीतरी जोरदार असतं. कपडे उलटे करून धुवा, म्हणजे लव आली तरी आतल्या बाजूला येईल. चेन लावून ठेवा. टॉवेल आणि जीन्स यांच्यासोबत विणलेले कपडे धुवायला टाकू नका. यंत्र ठासून भरू नका, आणि कमी वेळाचं, हलकं आवर्तन निवडा. जपायचा कपडा जाळीच्या पिशवीत घाला. गरम हवेच्या ड्रायरमध्येही कपडे एकमेकांवर आपटत, घासत राहतात. त्यापेक्षा ते आडवे पसरून वाळवणं चांगलं.

काही डिटर्जंटमध्ये सेल्युलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते कापसाच्या वर आलेल्या बारीक तंतूंना कुरतडून काढतं, त्यामुळे सुती कपडा गुळगुळीत राहतो आणि रंगही उजळ दिसतो. पॉलिस्टरवर त्याचा काही परिणाम होत नाही. लोकर आणि रेशमाचं प्रकरण वेगळं आहे. ते प्रथिनांचे बनलेले असतात, आणि प्रथिनं तोडणारं प्रोटिएज विकर कित्येक डिटर्जंटमध्ये असतं. त्यांच्यासाठी लोकरीचंच सौम्य डिटर्जंट घ्यावं.

आलेले गोळे काढताना मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळा: ओढू नका. टीव्ही पाहता पाहता नखांनी गोळे उपटायची सवय मलाही होती. गोळा निघतो, पण देठासोबत सुतातून आणखी तंतू बाहेर खेचले जातात आणि पुढच्या गोळ्याची तयारी होते. देठ कापायला हवा. त्यासाठी बॅटरीवर चालणारं गोळे काढायचं यंत्र उत्तम. त्याच्या जाळीतून गोळा आत जातो आणि फिरतं पातं तो कापतं. कपडा कोरडा असावा, सपाट पसरलेला असावा, आणि यंत्र दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. शिवणी आणि सुटलेले टाके यांच्यापासून दूर राहा, नाहीतर भोक पडेल. लोकरीसाठी बारीक दातांची खास फणीही चालते. चिकट रोलरने वरचे केस आणि धूळ निघते, देठ असलेला गोळा निघत नाही.

दर वेळी कापताना कापडातली थोडी लव कायमची जाते, म्हणून हे काम महिन्यातून एकदा पुरे. आणि यंत्राच्या डबीत जमलेला भुगा बेसिनमध्ये झटकू नका. त्यात बहुधा पॉलिस्टरचे किंवा अ‍ॅक्रिलिकचे बारीक तंतू असतात. ते पाण्यातून वाहून जातात आणि कुजत नाहीत. कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाका.