ई-पुस्तकांची देवघेव: खान्देशातल्या वाचकापर्यंत काय पोचले, काय अडले

अनामत, वर्गणी, दाखल क्रमांक, परतीची तारीख. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वाचनालयांत देवघेव चालते ती याच चार गोष्टींवर. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला तेव्हा ई-पुस्तक कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पण पुढे ई-पुस्तकाने या जुन्या रीतीतल्या दोन गोष्टी जशाच्या तशा उचलल्या: एका प्रतीला एका वेळी एकच वाचक, आणि ठरावीक मुदत. कागदाच्या बाबतीत हे आपोआप होते. फाइलची नक्कल क्षणात निघते, म्हणून तिला कुलूप लावावे लागते.

हे कुलूप वाचनालयांत रुळले ते अमेरिकेत. ओव्हरड्राइव्ह या कंपनीने २००३ मध्ये क्लीव्हलँडच्या सार्वजनिक वाचनालयातून ई-पुस्तके द्यायला सुरुवात केली. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनाने आपल्या ई-पुस्तकांवर मर्यादा घातली: २६ वेळा दिले की परवाना संपला, वाचनालयाने पुन्हा पैसे भरायचे. म्हणजे वाचनालय पुस्तक विकत घेत नाही, वापरण्याची परवानगी घेते. त्याच वर्षी किंडलवर, म्हणजे ॲमेझॉनच्या वाचनयंत्रावर, वाचनालयाची पुस्तके मिळू लागली, पण ती सोय अमेरिकेतल्या वाचनालयांपुरतीच राहिली. भुसावळात किंडल हातात असले तरी ती वाट बंद.

परदेशी वाचनालयाचे सभासदत्व असेल तर दुसरी वाट ॲडोबीच्या कुलपाची. इथे बहुतेकांची फसगत पहिल्याच पायरीला होते. उतरवून घेतलेली एसीएसएम फाइल जेमतेम काही केबीची असते, कारण ते पुस्तक नसून पुस्तक आणण्याची चिठ्ठी असते. संगणकावर ॲडोबी डिजिटल एडिशन्स बसवायचे, हेल्प मेनूतून आपल्या ॲडोबी आयडीने संगणक ‘ऑथराइझ’ करायचा, मग चिठ्ठी त्यात उघडायची. खरे पुस्तक तेव्हा उतरते आणि केबलने ॲडोबीचे कुलूप चालणाऱ्या वाचनयंत्रावर चढवता येते; किंडलवर नाही. चिठ्ठी एकदा एका आयडीने उघडली की दुसऱ्या आयडीला ती चालत नाही. म्हणून घरातल्या दोघांनी एकच संगणक वापरताना कोणाचा आयडी चालू आहे ते आधी पाहावे.

मराठी पुस्तके मात्र या कुलपापर्यंतही फारशी पोचली नाहीत, आणि त्याचे मोठे कारण फाँट आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही आपली पुस्तके पुढे कितीतरी वर्षे पेजमेकर या पानजुळणीच्या प्रणालीत, श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटांत जुळवली गेली. त्या फाइलीत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतो; एखाद्या रोमन अक्षराच्या जागेवर ‘क’चे चित्र बसवलेले असते. छापताना काही बिघडत नाही. पण तीच फाइल ईपब या ई-पुस्तकाच्या प्रचलित स्वरूपात नेली की पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग उमटते. रूपांतराची साधने आहेत, पण रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे हमखास चुकतात, आणि पुन्हा अख्खे पुस्तक तपासायला मुद्रितशोधक बसवावा लागतो. हा खर्च छोट्या प्रकाशकाला झेपत नाही. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके अधिकृतपणे आली तीही २०१६ च्या डिसेंबरात.

मधली पोकळी स्कॅनने भरली. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने हजारो जुन्या पुस्तकांची पाने टिपली. पुढे त्यातली बरीच इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर आली. तिथे शोधताना नाव रोमनमध्ये, निरनिराळ्या स्पेलिंगने टाकून पाहावे लागते, कारण नोंदीच तशा केलेल्या आहेत. ओळखक्रमांकात ‘डीएलआय’पुढे दिसणारा २०१५ हा आकडा प्रकाशनवर्ष नव्हे. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय १९ जून २०१८ रोजी सर्वांसाठी खुले झाले, पण ते बहुतांशी सूचीचे काम करते. पुस्तक मूळ संस्थेच्या सर्व्हरवर असते. तो बंद असला तर नोंद दिसते, पुस्तक उघडत नाही.

स्कॅन सापडला म्हणजे तो मुक्त आहे असे नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क (कॉपीराइट) राहतो. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींचे निधन १९५० चे, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ च्या आरंभी मुक्त झाले. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये छापली गेली, तेव्हा मोजणी प्रकाशनापासून. त्या संग्रहातली गाणी २०१३ पासून मुक्त. पण त्याच पुस्तकाला अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे प्रस्तावनेवर २०२९ अखेरपर्यंत हक्क. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी दिलेली गीताप्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली, तरी हक्क बोलणाऱ्याचा, आणि विनोबांचे निधन १९८२ चे. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक वाचनालयाला स्वतःकडच्या छापील पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते. ती सभासदाच्या मोबाइलवर पाठवण्याची मुभा त्यात नाही, आणि तालुक्याच्या वाचनालयांना नेमकी हीच मुभा हवी आहे.

स्कॅन वाचायला सहा इंची यंत्र अपुरे पडते: डेमी आकाराचे पान तेवढ्यात दाबले की अनुस्वार दिसेनासे होतात. आठ-दहा इंची टॅब घ्यावा, नाहीतर समास कापून यंत्र आडवे धरावे. किंडलवर ईमेलने पाठवायची फाइल ५० एमबीच्या आत हवी. त्याहून मोठी असेल तर वेबवरून २०० एमबीपर्यंत चढते. ईपब असेल तर २०२२ पासून ते थेट पाठवता येते, फक्त कुलूपबंद नको. आणि जुन्या यंत्रावर ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे दिसली तर फाइलला दोष देऊ नये; त्या यंत्राला देवनागरीची जुळणी येत नाही, तीच फाइल मोबाइलवर नीट उघडते.