पडद्याच्या लेझरनंतरही उरणाऱ्या नवरक्तवाहिन्या

मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर (दृष्टिपटलावर) फुटलेल्या नव्या रक्तवाहिन्या लेझर देऊनही आटत नाहीत किंवा पुन्हा फुटतात, ती अवस्था. रक्तपुरवठा तुटलेला पडदा व्हीईजीएफ हे प्रथिन सोडतो आणि त्यावर या नाजूक वाहिन्या पोसतात. लेझर पडद्याच्या कडेचा भाग जाळून पडद्याची ऑक्सिजनची मागणी घटवतो. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

उरलेली प्रत्येक वाहिनी धोक्याची नसते. आटलेली वाहिनी पांढुरक्या तंतूसारखी दिसते. तिला हात लावायचे कारण नाही. शंका असल्यास फ्लुरेसीन अँजिओग्राफी (शिरेत रंग टोचून पडद्यावरच्या वाहिन्यांची छायाचित्रे घेणे) करावी. जिवंत जाळ्यातून रंग पाझरतो आणि पिंजलेल्या कापसासारखा पसरतो. त्याच चित्रांत लेझरच्या डागांमधल्या सुटलेल्या जागाही दिसतात. अपुरे लेझर हे अपयशाचे नेहमीचे कारण. जुन्या पद्धतीत ०.१ सेकंदाचे, ५०० मायक्रॉनचे १२०० ते १६०० डाग देत. २० मिलिसेकंदांच्या पॅटर्न लेझरचे (एका दाबात अनेक डाग देणाऱ्या) डाग लहान पडत असल्याने संख्या बरीच वाढवावी लागते. हे विसरले की काम अर्धवट राहते. अशा वेळी आधी मोकळ्या जागा भराव्यात.

वाहिन्या तरीही जिवंत असतील, किंवा रक्तस्रावामुळे लेझर पोचत नसेल, तर व्हीईजीएफरोधक इंजेक्शन देतात: बेव्हॅसिझुमॅब १.२५, रॅनिबिझुमॅब ०.५ किंवा अफ्लिबरसेप्ट २ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.०५ मिलिलिटरमध्ये. भूल देऊन, ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन लावून, बुबुळाच्या बाहेरच्या कडेपासून (पांढरा भाग सुरू होतो तिथून) ४ मिमीवर (कृत्रिम भिंग असल्यास ३.५ मिमीवर) ३० गेजची सुई घालतात. वाहिन्या काही दिवसांतच मिटतात, पण औषध ओसरले की परतू शकतात. म्हणून तपासणी चुकवणाऱ्या रुग्णाला केवळ इंजेक्शनवर ठेवणे धोक्याचे. लेझर पूर्ण करूनच घ्यावे.

पडद्यावर तंतूंची जाड साय असेल तर इंजेक्शन जपून द्यावे. वाहिन्या आटताना साय आकसते आणि पडदा ओढून जागेवरून सुटा करते. हे बहुधा पहिल्या काही आठवड्यांत घडते. तिथे व्हिट्रेक्टॉमीची (डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ काढण्याच्या शस्त्रक्रियेची) तयारी आधी हवी. न निवळणारा रक्तस्राव आणि पडद्याच्या मध्यबिंदूपर्यंत आलेली ओढ यांनाही हीच शस्त्रक्रिया लागते. इंजेक्शननंतर दुखणे, लाली वाढली, नजर मंदावली तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी डोळा दाखवावा.

बाहुली मोठी करणारे थेंब घालण्यापूर्वी बुबुळाच्या बाहुलीलगतच्या कडा स्लिट लॅम्पवर (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकावर) पाहाव्यात. तिथे लाल धागे, म्हणजे तशाच नव्या वाहिन्या, दिसले, तर काचबिंदू फार दूर नाही.