नकाशात आरक्षण दिसले म्हणजे जमीन गेली, हा गैरसमज

विकास आराखड्याच्या नकाशात आपल्या प्लॉटवर उद्यानाचे आरक्षण दिसले की जमीन गेलीच, असा समज नागपुरात वर्षानुवर्षे रुजलेला आहे आणि त्यापायी अनेकांची हरकतीची मुदत हकनाक वाया जाते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार आधी विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार होतो, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवल्या जातात, त्यांवर नियोजन समिती सुनावणी घेते आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते. हरकत लेखी द्यावी, सोबत सातबारा किंवा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) जोडावी. मंजूर आरक्षणही कायमचे नसते. १० वर्षांत संपादन न झाल्यास मालकाला याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना, म्हणजे जमीन संपादन करा नाहीतर आरक्षण सोडा अशी नोटीस, बजावता येते.